ट्युब्युलर टायरवर रोजचं ऑफिस: हौस की खाज?

सायकलगडी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. १९८६ साली त्याने जिनोआहून एक रेसिंग सायकल आणली. बारीक नळ्यांची स्टीलची फ्रेम, मागे सहा गिअर, माव्हिक जीपी४ रिमा. लहानपणी आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. मागच्या महिन्यात मामा म्हणाला, "गुडघे गेले, घेऊन जा, नाहीतर तुझी मामी भंगारवाल्याला देईल." मी त्याच दिवशी टेम्पो केला.

टायर वाळून त्याला भेगा पडल्यात. कॉलनीतल्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने नेहमीसारखा पाना घातला, मग दुसरा घातला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हा चिकटवलाय!" तेव्हा कळलं की हे ट्युब्युलर प्रकरण आहे. म्हणजे टायर नळीसारखा गोल, ट्यूब आत घालून खालून शिवलेला, आणि तो अख्खा रिमला गोंदाने चिकटवायचा. रिमला कडाच नाही, त्यामुळे आपला नेहमीचा टायर त्यावर बसतच नाही.

मला ही सायकल रोज ऑफिसला न्यायची आहे. कोथरूड ते बाणेर, चांदणी चौकावरून, येऊन-जाऊन वीसेक किलोमीटर. कोणता टायर घेऊ? देखभाल काय? आणि मुख्य म्हणजे रस्त्यात पंक्चर झाली तर काय करायचं? कोणी रोजच्या वापरात ट्युब्युलर चालवलेत का?

हापूसप्रेमी
ट्यूबलेस एकदम बेस्ट. माझ्या स्कूटरला आहेत, पाच वर्षांत दोनदाच पंक्चर. डोळे झाकून घ्या.

सायकलगडी
ट्यूबलेस नाही हो, ट्युब्युलर. यात ट्यूब आहे. शिवून टाकलीय.

हापूसप्रेमी
मग तेच की. ट्यूब दिसत नाही म्हणजे ट्यूबलेस.

घाटपांडी
:D :D हापूसप्रेमी, आत्मा पण दिसत नाही.

चिवट
मी चार वर्षं ट्युब्युलरवर ऑफिसला गेलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी चांगली बाजू. चाल. एकदा चालवलीत की साधा टायर लाकडी वाटतो. आणि खड्ड्यांच्या बाबतीत लोकांना वाटतं त्याच्या बरोबर उलटं आहे. साध्या टायरची चाकं खड्ड्यात आपटली की ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. ट्युब्युलरच्या रिमला तशी धारदार कड नसल्याने चिमटा बसून होणारं पंक्चर फार क्वचित. शिवाय हवा गेली तरी टायर चिकटलेला राहतो. मी एकदा पाषाण रस्त्यावर पूर्ण बसलेल्या टायरवर हळूहळू दोन किलोमीटर चालवत घरी आलोय.

आता रोजची कटकट. आत लेटेक्सची ट्यूब असेल तर रात्रीतून हवा उतरते, रोज सकाळी पंप मारायचा म्हणजे मारायचाच. ब्युटाइलची असेल तर आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. रोजच्या वापराला ब्युटाइलच घ्या. पेट्रोलपंपावरच्या हवेच्या भरवशावर राहू नका. एक तर नोझल बसत नाही (हे फ्रेंच व्हॉल्व्ह, आपल्या जुन्या सायकलीची व्हॉल्व्हट्यूब नाही), आणि बसवायला अडॅप्टर मिळाला तरी तिथे इतका दाब सहसा कोणी भरून देत नाही. मी ७२ किलोचा आहे, २५ मिमीच्या टायरला मागे ९५ आणि पुढे ८५ पीएसआय ठेवतो. गेज असलेला, पायाखाली धरून मारायचा उभा पंप घरी हवाच.

टायर घेताना एवढंच बघा: फ्रेम-ब्रेकमध्ये मावेल तेवढा रुंद (२५, जमल्यास २८ मिमी), पंक्चरविरोधी पट्टा असलेला, आणि व्हॉल्व्हचा गाभा काढता येणारा. शेवटचं विसरू नका. गाभा निघाला तरच आत सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) ओतता येतं, आणि सीलंटशिवाय आपल्या रस्त्यावर ट्युब्युलर म्हणजे निव्वळ श्रद्धा.

सोनचाफा
आमच्या घरातली बाजू मांडते. नवऱ्याने हा उद्योग केला तेव्हा तीन दिवस बाल्कनीचं दार बंद होतं. त्या गोंदाचा वास पडद्यांना लागला तो दिवाळीच्या धुण्यापर्यंत गेला नाही. आणि टायर "ताणायला" म्हणून रिकाम्या रिमवर चढवून आठवडाभर हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवला होता. सासूबाई त्याला रोज नमस्कार करायच्या, त्यांना वाटलं काहीतरी व्रत आहे.

चिवट
सोनचाफाताई, ताणणं खरंच गरजेचं असतं हो. नवा टायर इतका घट्ट असतो की न ताणता गोंद लावून चढवायला गेलात तर टायर वाकडा बसतो आणि हात, कपडे, फरशी सगळं माखतं. वासाबद्दल मात्र बचाव नाही.

निमशहरी
चिकटवायची पद्धत कोणीतरी नीट लिहा ना. नेटवर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

मिरजेचे आबा
मी लिहितो. वय ६८, तरुणपणी शर्यतींत होतो. बक्षिसात स्टीलचे डबे आणि एकदा मनगटी घड्याळ मिळालं, त्यापलीकडे फुशारकी नाही.

आधी रिमवर जुना गोंद कसा आहे ते बघायचं. घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही. पापुद्रे सुटत असतील, किंवा तुमच्यासारखा इतका जुना असेल, तर सगळा काढायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला अ‍ॅसिटोन चालतं, बोटं मात्र सांभाळा आणि खिडकी उघडी ठेवा. मग ब्रशने रिमवर पातळ हात, टायरच्या खालच्या कापडी पट्टीवर पातळ हात. वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत एकेक हात. चढवायच्या वेळी रिमवर शेवटचा हात मारायचा आणि तो ओलसर असतानाच टायर बसवायचा. व्हॉल्व्ह आधी भोकात घालायचा, रिम जमिनीवर उभी धरायची, दोन्ही हातांनी टायर खाली ताणत ताणत दोन्ही बाजूंनी उतरत जायचं. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी ढकलायचा. थोडी हवा भरून चाक फिरवून बघायचं, साप चालल्यासारखं दिसलं तर तिथं सरळ करायचं. मग पूर्ण हवा, आणि एक दिवस हात लावायचा नाही.

कडेपर्यंत गोंद गेला पाहिजे. मध्ये थापून कडा कोरड्या ठेवतात, तिथूनच टायर उचलतो. तपासायचं असेल तर हवा काढून अंगठ्याने टायर बाजूला ढकला. रिम आणि पट्टीमध्ये फट दिसली तर परत करा.

एक जुनी युक्ती: व्हॉल्व्हच्या बरोबर समोर चार बोटं जागा मुद्दाम कमी चिकट ठेवायची. रस्त्यात टायर काढताना सुरुवात तिथून करता येते. नाहीतर नखं तुटतात, टायर निघत नाही.

निमशहरी
आबा, दंडवत. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

कोल्हापुरी कट्टा
एवढं सगळं कशाला? चपलांना लावतात ते पिवळं सोल्यूशन मारायचं, दहा मिनिटांत काम. आमच्या गल्लीत एकाने केलंय.

मिरजेचे आबा
आणि ते काढताना कापडी पट्टी टायरपासून सुटून रिमवरच राहील. मी करून बघितलंय. चप्पल परत काढून लावायची नसते, हा टायर काढावा लागतो.

काळजीवाहू
माझा विरोध नोंदवून घ्या. २००३ ची टूर दि फ्रान्स आठवते का? जोसेबा बेलोकी, आदल्या वर्षीचा दुसऱ्या क्रमांकाचा गडी, गॅप गावाकडे उतरताना पडला. उन्हाने डांबर पाघळलेलं, मागचं चाक लॉक झालं आणि टायर रिमवरून निघाला. मांडीचं हाड मोडलं. मागून येणारा आर्मस्ट्राँग शेतातून सायकल घालून वाचला. हे सगळं मेकॅनिकने चिकटवलेल्या टायरवर. आणि तुम्ही बाल्कनीत चिकटवून चांदणी चौक उतरणार?

चिवट
मुद्दा बरोबर, उदाहरण जरा भारी. उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते आणि गोंद मऊ पडतो, हे खरं. कात्रज किंवा सिंहगड उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. पण रोजच्या ऑफिसच्या रस्त्यात रिम तापण्याइतका वेगच मिळत नाही, पुढे पीएमपीची बस असते.

काळजीवाहू
पीएमपीच्या मागे असणं हीच सुरक्षितता असेल तर मग बोलणं खुंटलं.

राव रांदोनर
थोडं अवांतर, पण मूळ प्रश्नाशी येऊन मिळेल.

डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये पोराच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली तेव्हा तीही चाकाला कापडाने गुंडाळून चिकटवलेलीच होती. पंक्चर काढायची म्हणजे सगळं सोलायचं. मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर केला, आणि १८९१ च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ तो टायर लावून उतरला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी जिएल-लावाल डनलॉपवर होता. जवळपास १२०० किलोमीटर, तेराँ जिंकला. म्हणजे लांब रस्त्यावर पंक्चर हातांनी, लवकर निघाली पाहिजे, हे तेव्हाच ठरलं होतं.

शर्यतवाले तरी पुढची शंभर वर्षं चिकटवलेल्या टायरवरच राहिले, कारण वजन आणि चाल. जुन्या फोटोंत गडी खांद्यावरून आठच्या आकड्यासारखे टायर अडकवून चाललेले दिसतात ना, ते हेच. पण नंतर त्यांच्या मागे गाडी आली, गाडीत तयार चाकं आली. सायकलगडी, तुमच्यामागे गाडी आहे का? गेल्या काही वर्षांत तर मोठ्या संघांनीही बहुतांशी ट्यूबलेस धरलंय.

हापूसप्रेमी
बघा. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

घाटपांडी
कोणीतरी यांना पुरस्कार द्या रे.

सराटा
नाव बघून कळलं असेलच मी कुठल्या बाजूने बोलणार. आम्ही नगर जिल्ह्यातले. आमच्याकडे पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात, वर बाभळीचे काटे. कशाही अंगाने पडला तरी सराट्याचा एक काटा वर असतोच. मी हौसेने ट्युब्युलर चाकं घेतली होती. पहिल्या महिन्यात पाच पंक्चर. शिवायला दिली चप्पल शिवणाऱ्या काकांकडे. त्यांनी शिलाई अशी सुरेख घातली की बघत राहावं, फक्त आरी ट्यूबमधून गेली. आता एक चाक अंगणात जाईच्या वेलाला आधार आहे.

मिरजेचे आबा
काकांचा दोष नाही, आरी आत जातेच. शिवायला वाकडी सुई आणि मेण लावलेला दोरा लागतो.

आणि गंमत अशी की पंक्चर कुठे आहे तेच आधी कळत नाही. बादलीत बुडवलं की बुडबुडे व्हॉल्व्हपाशी येतात, कारण हवा टायरच्या आतून पळत तिथून बाहेर पडते. खरं भोक भलतीकडेच. म्हणून आधी बाहेरून काच, तार काही रुतलंय का ते बघायचं. जागा सापडली की तिथली पट्टी वीतभर सोलायची. टाके कापण्याआधी पेन्सिलने आडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे शिवताना दोन्ही कडा जिथल्या तिथं येतात. हे विसरलात तर टायरला कायमचा पोक येतो. टाके कापायचे, कापड नाही! ट्यूब बाहेर ओढायची, घासपेपर, सोल्यूशन, अगदी पातळ पॅच. वर टाल्कम पावडर. जुन्याच भोकांतून शिवायचं, वर पट्टी परत चिकटवायची.

आमच्या आईची गोधडीची सुई मी किती वेळा पळवली असेल. शर्यतीच्या आदल्या रात्री दिव्याखाली टायर शिवत बसलेला मुलगा बघून ती म्हणायची, "याला मुलगी बघताना सांगा, शिवणकाम येतं म्हणून."

सोनचाफा
आबा, हे वाचून नवऱ्याने गोधडीची सुई शोधायला सुरुवात केलीय. तुमचा पत्ता द्या, त्याला पाठवूनच देते.

कोथरूडची कविता
मला टायरमधलं काही कळत नाही पण धागा आवडला. आमच्या लहानपणी पुण्यात तासावर सायकल भाड्याने मिळायची. घड्याळ बघत चालवायची, आणि पंक्चर झाली की दुकानदार म्हणायचा "तुमच्याकडूनच झाली." रात्री दिवा नसेल तर पोलीस धरायचे, म्हणून चौक आला की उतरून चालत जायचं. डायनामोवर पायडल मारलं तर दिवा, थांबलं की अंधार.

घाटपांडी
आणि डबलसीट पकडलं की व्हॉल्व्हमधली हवा पोलीसच सोडायचे. तेव्हा ट्युब्युलर असते तर बिचाऱ्यांना व्हॉल्व्ह उघडायचा कसा तेच कळलं नसतं.

उत्रेख्तवाला
मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथे मंत्र्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळे सायकलवर. पण रोजच्या सायकलला ट्युब्युलर लावलेला माणूस मी बघितलेला नाही. जाडजूड टायर, आत मोठा रबरी थर, वर्षानुवर्षं बघायचं नाही. माझ्याकडे श्वाल्बे मॅरेथॉन प्लस आहे. जड आहे, ओढताना बैलगाडीची आठवण येते. पण पावसात, बोटं गारठलेली असताना टायर सोलायची वेळ येत नाही. माझं मत: रोजच्या कामाच्या सायकलचा टायर कंटाळवाणाच असावा.

चिवट
पुण्याच्या पावसाची बाजू राहिली होती, आता आठवली. पाण्याबरोबर काच आणि ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा चाकाला चिकटतात. त्या लगेच आत जात नाहीत, फिरत फिरत रुततात. म्हणून ओल्यात चालवून आलं की टायर पुसून बोटांनी चाचपायचा. जुने लोक हातमोजा घालून चालता चालताच तळवा टायरवर टेकवून काच झाडायचे. (मागच्या चाकाला हे करताना बोटं फ्रेममध्ये अडकतात, तेव्हा जपून.) आणि पावसाळा संपला की कडेने चिकटण तपासा. पाणी मुरून कापडी पट्टी कुजते.

काळजीवाहू
एक व्यवहार्य सल्ला देऊ का? मागच्या-पुढच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) साध्या टायरच्या, ७०० सी आकाराच्या रिमा बांधून घ्या. ३६ भोकांच्या मिळतात. रिमची उंची वेगळी असल्याने तारा नव्या मापाच्या लागतील. पण ब्रेक जिथे टेकतो ती जागा जवळपास तीच, त्यामुळे ब्रेक बदलावे लागत नाहीत. जुन्या ट्युब्युलर रिमा रविवारसाठी ठेवा.

निमशहरी
यात एक धोका. दुकानात "२८ चा टायर" मागू नका. मी मागितला तर आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलचा दिला. त्याचा व्यास ६३५ मिमी, ७०० सी चा ६२२. आणि विनोद म्हणजे ट्युब्युलरवरही २८ इंच असंच छापलेलं असतं. त्यातून २८ मिमी रुंदीवालेही २८ च. मी आता मिमीतला आकडा कागदावर लिहून नेतो.

सायकलगडी
सगळ्यांचे आभार, प्रश्न एवढा पेटेल असं वाटलं नव्हतं. दोन ट्युब्युलर मागवलेत, २५ मिमी, ब्युटाइल, गाभा निघणारा व्हॉल्व्ह. जुना गोंद काढायला दोन संध्याकाळी गेल्या. मामा रोज फोन करून विचारतो, "कडेपर्यंत लावलास का?" आबा, तुम्ही दोघं भाऊ आहात का?

मिरजेचे आबा
नाही, पण मामांना माझा नमस्कार सांगा.

सायकलगडी
(साडेपाच आठवड्यांनंतर) अपडेट द्यायला आलो.

पहिले तीन आठवडे स्वर्ग. चिवट, "लाकडी" शब्द पटला. मी ऑफिसला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायला लागलो. चौथ्या आठवड्यात बावधनला मागच्या टायरमध्ये बारीक तार गेली, सीलंटने धरलं, मला घरी आल्यावर पांढरा ठिपका दिसला तेव्हा कळलं. परवा मात्र काच. चांगला बोटभर काप, सीलंट माझ्या पाठीवर. सीटखाली आधीच गोंद लावून घडी केलेला जुना टायर होता, मामाचाच. काढायला वीस मिनिटं लागली (समोरची चार बोटं जागा ठेवली होती, आबा, नाहीतर अजून तिथेच असतो), चढवायला पाच. आठजण बघायला जमले. एकाने विचारलं, "ट्यूबलेस आहे ना, मग पंक्चर कसं?" मी शांत राहिलो. वळणावर जपून, हळू घरी आलो. ऑफिसची मीटिंग गेली.

निर्णय: पंक्चर मागेच होतात, वजन मागे असतं. म्हणून मागच्या हबवर साधी रिम बांधून घेतली, पंक्चरविरोधी टायर लावला. पुढचं चाक ट्युब्युलरच राहणार. हँडलला येणारी ती मऊ चाल मला सोडवत नाही.

काळजीवाहू
म्हणजे आता पुढच्यासाठी घडीचा टायर, आणि मागच्यासाठी ट्यूब, पाने, पॅच, असं दोन्ही सामान वागवणार?

सायकलगडी
हो.

सोनचाफा
आणि मामी काय म्हणाल्या?

सायकलगडी
मामी म्हणाली, भंगारवाल्याने तीनशे रुपये दिले असते.